खाडीच्या तोंडावरचा अर्धा तास

आमच्या लश्करात, म्हणजे ग्वाल्हेर शहराच्या लश्कर भागात, समुद्राबद्दल अधिकारवाणीने बोलणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. मी आणि भालेराव वकील त्यांतलेच होतो. आता आम्ही पाहून आलो, पोटभर प्यायलोही, आणि आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कसा काय होता समुद्र?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ज्यांना जायचं असेल त्यांनी वाचावं. ज्यांना जायचं नसेल ते शहाणे आहेत, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

लश्कर

आधी मी कोण ते सांगतो. मी गणपतराव इंगळे. संस्थानच्या फौजेत सिग्नलच्या तुकडीत होतो. झेंड्याने, आरशाने, दिव्याने एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर निरोप पाठवणं हे माझं काम. ते मी चांगलं करत असे आणि त्याचा मला फार गर्व होता. संस्थान विलीन झालं तेव्हा तरुणांना भारतीय सैन्यात घेतलं, म्हाताऱ्यांना पेन्शन दिली. मी मधल्या वयाचा निघालो, म्हणून मला मध्यभारत सरकारच्या पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून केलं. "निरोप पोहोचवण्याचंच काम आहे इंगळे, तुम्हाला जड जाणार नाही," असं साहेब म्हणाले. मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत मोडलं, राजधानी भोपाळला गेली, आमच्या फायली ट्रकांत घालून तिकडे नेल्या आणि फायलींवर बसणाऱ्यांना सांगितलं की तुमचा हुकूम मागाहून येईल, तोवर रजा घ्या. फायलींची त्यांना जितकी निकड होती तितकी आमची नव्हती, हे उघडच होतं.

भालेराव वकील जुन्या गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे पूर्वज दरबारात फडनिशी करत, माझे पूर्वज घोड्यावर बसत. त्यामुळे तोंड कोणी चालवायचं आणि अंग कोणी मोडायचं हे आमच्यात तीन पिढ्यांपूर्वीच ठरलेलं आहे. संस्थानच्या गोदामांतलं जुनं सामान निघालं त्यात वकिलांनी एक घडीची कापडी होडी उचलली. कोणा हौशी इंग्रजाने कधीकाळी आणलेली. लाकडी बरगड्या जोडायच्या, वर मेणकापड ताणायचं, आत दोघांनी पाय पसरून एकामागे एक बसायचं, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडे-उजवीकडे मारायचं. वकील तिला कयाक म्हणत. मोहल्ल्यातले लोक तिला मच्छरदाणी म्हणत.

"गणपतराव, ही घेऊन कोकणात जाऊ," वकील म्हणाले. "आपण मूळचे तिकडचेच."

आमचे इंगळे मूळचे साताऱ्याकडचे, त्यांचे भालेराव नगरकडचे. दोघांच्याही खानदानात कोणी समुद्र ओलांडायचं सोडा, त्यात पाय भिजवल्याचीही नोंद नाही. पण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला नर्मदेच्या खालचं सगळं एकच वाटतं. मी हो म्हणालो. हुकूम येईपर्यंत घरी बसून शेजाऱ्यांच्या "अजून इथेच?" या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा बुडणं बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

संकटात सापडलो तर खूण कशी करायची, हा विषय अर्थातच माझ्याकडे आला. वकिलांनी कुठूनसं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं होतं. त्यात संकटाच्या खुणांची लांबच्या लांब यादी होती. तोफ उडवणे. पिंपात डांबर पेटवणे. ती यादी जहाजांसाठी होती. आमच्या होडीत पिंप ठेवलं तर आम्हाला जागा उरत नव्हती. मी यादी बाजूला सारली आणि आम्ही बाजारात गेलो.

नई सडकेवर शिट्टी घेतली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, समंदर में सुनेगा कौन?" मी त्याला आवाज वाऱ्याबरोबर कसा जातो ते समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शिट्टी कागदात बांधून दिली. माधवगंजात एका शोभेची दारू करणाऱ्याकडून चार बाण करून घेतले, डब्यात मेण ओतून बंद केले. बुडू नये म्हणून सदऱ्याच्या आत छातीला बांधायला मोटारीच्या दोन जुन्या ट्यूब घेतल्या. खुणेचं कापड कोणत्या रंगाचं घ्यावं यावर आमचं भांडण झालं. मी लाल म्हणत होतो, वकील भगवा. "दुरून भगवाच दिसतो," ते म्हणाले. दिसण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, त्यांना तो होडीवर हवा होता. भगवा घेतला. माझे जुने दोन झेंडे आणि फौजेतला आरसा मी पेटीतून काढला. आरशाला खरं तर जोडीचा दुसरा आरसा लागतो. सूर्य आपल्या पाठीमागे असला की एकाने उजेड पकडून दुसऱ्यावर टाकायचा, तरच तो पुढे नीट जातो. दुसरा जड होता. माझ्यासारख्या कसलेल्या माणसाला एक पुरे, म्हणून तो मी घरी ठेवला.

तिघऱ्याच्या धरणावर तालीम केली. वकिलांच्या पत्नी, आमच्या सुधावहिनी, काठावर बसल्या होत्या. मी मधोमध जाऊन आरसा चमकवला, शिट्टी मारली, झेंडे फिरवले, एक बाण सोडला. वहिनींना सगळं दिसलं, सगळं ऐकू आलं.

"एकदम साफ दिसून राहिलं होतं!" त्या म्हणाल्या.

दिसणारच. दोन तास त्या दुसरं काहीच बघत नव्हत्या. पण आम्ही दोघं अशा ऐटीत परतलो, जणू अरबी समुद्राने आम्हाला सर्टिफिकेट लिहून दिलं होतं.

बंदर

मुंबईहून आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरलो आणि तिथून दक्षिणेला एका छोट्या गावात गेलो. गावाचं नाव मी देत नाही, कारण तिथल्या लोकांना आमच्या भेटीची आठवण असावी असं मला वाटत नाही आणि असलीच तर ती न वाढलेली बरी. गावाच्या उत्तरेला एक खाडी समुद्राला मिळते. दक्षिणेला काही मैलांवर पोर्तुगीजांची हद्द.

आम्ही उतरलो बाबल तांडेल नावाच्या गृहस्थांच्या पडवीत. तांडेल म्हणजे मचव्याचा मुख्य. साठीचा माणूस, बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. त्यांच्या घरी मला बांगड्याचं तिखलं मिळालं. तिरफळ घातलेलं, इतकं झणझणीत की डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून वाहवा एकदमच बाहेर पडली. चंबळेचे मासे खाऊन आपण मासे खातो असं समजणाऱ्या माझ्यासारख्याने तिथे गप्प बसावं. वकिलांना मासे चालत नाहीत. त्यांना घावणे आणि नारळाचा रस मिळाला. त्यावर ते तीन दिवस "आपल्याकडच्या बेडई-पुरीची बात वेगळी" असं म्हणत राहिले आणि ताटलीमागून ताटली संपवत राहिले.

आमची मराठी ऐकून ती मंडळी एकमेकांकडे बघत. मी म्हणालो, "आम्ही उद्या होडी घेऊन जाऊन राहिलो आहोत." तांडेलांच्या सुनेने पदर तोंडाला लावला. दख्खनच्या मुलखात येऊन दख्खनची भाषा बोलावी आणि लोकांनी आपल्याला हिंदीवाले म्हणावं, हे पूर्वजांच्या गप्पा मारताना कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी मी वाळूवर उभा राहून आरसा आणि झेंडे चालवून पाहिले. दहा मिनिटांत नाक्यावरचा हवालदार आला. हद्द जवळ, चोरटा माल येतो, म्हणून तिथे पहारा होता. हवालदार घाटावरचा, जाडजूड, गळ्यात दुर्बीण. त्याने आधी आरसा पाहिला, मग झेंडे, मग बाणांचा डबा.

"कुणाला खुणा चालल्यात?"

"कोणालाच नाही. संकटाच्या खुणांची तालीम आहे."

"संकट कुठंय?"

"अजून नाही."

"म्हंजे येणाराय ते ठाऊक आहे तुम्हाला," तो म्हणाला आणि त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग माझं ओळखपत्र मागितलं. ते त्याने उलटसुलट केलं. "मध्यभारत सरकार. हे राज्य कुठं आलं?"

"ते आता नाही."

"नाही म्हंजे?"

"मोडलं. आता मध्य प्रदेश."

"आणि तुम्ही अजून त्याचेच नोकर?"

हे भोपाळच्या लोकांनाही सांगता आलं नसतं. वकिलांनी पुढे होऊन राज्य पुनर्रचनेचा कायदा सांगायला सुरुवात केली आणि हवालदाराचा संशय पक्का झाला. त्याने सामान परत दिलं, पण जाताना म्हणाला, "माझी नजर आहे तुमच्यावर." मला त्याचा मनस्वी तिटकारा आला. असल्या अडाण्यापुढे मी, फौजेतला माणूस, शाळकरी पोरासारखा उभा होतो. त्या तिटकाऱ्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

दुपारी तांडेलांनी आमचं सामान पाहिलं. भगव्या कापडाला हात जोडले. "ह्यां बगून लोक नमस्कार करतले," ते म्हणाले. हात हलवून मदत मागू म्हटलं तर म्हणाले, "हात हालयलात तर आमी पण हात हालयतलों. पावणो रामराम करता म्हणान." बाण पाहून म्हणाले, "शिमगो जवळ इलो. कोणाक काय कळतला?"

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातलं वल्हं उचलून उभं धरलं, अंगातला सदरा काढून त्याच्या टोकाला अडकवला. "उबां वल्हां. ह्यां दिसलां की जो बगता तो होडी लोटता. वैरी असलो तरी."

वकील म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

मी मनात म्हणालो, मी इतकी वर्षं सिग्नलमध्ये काढली आणि हा मला काठीला सदरा टांगायला शिकवतो आहे. तांडेलांनी आणखी एकच गोष्ट सांगितली, की ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी जाऊ नका. तीही आम्ही ऐकून सोडून दिली.

खाडीचं तोंड

दोन दिवस सकाळच्या शांत पाण्यात होडी चालवली. पाणी काचेसारखं. खालचे खडक दिसत. वकील पुढे, मी मागे. खरं सांगतो, ते सुख होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही खाडी ओलांडून पलीकडच्या वाळूवर गेलो, तिथे नारळाचं पाणी पीत बसलो, वकिलांनी एक झोप काढली आणि निघायला तिसरा प्रहर झाला. वायव्येचा वारा सुटला होता. खाडीचं पाणी ओहोटीने बाहेर धावत होतं आणि वारा समुद्राला आत ढकलत होता. दोघांची गाठ जिथे पडत होती तिथे लाटा उभ्या राहत होत्या. लांब नाहीत, आखूड आणि उभ्या, एकीच्या पाठीला दुसरी चिकटलेली. वळसा घालून बाहेरून गेलो तर चुकवता येतील असं मी म्हणालो. होडीत माझा शब्द शेवटचा होता, कारण आमच्या दोघांत फौजेत मी होतो. फौज जमिनीवरची होती ही गोष्ट आम्ही दोघांनीही जमेस धरली नाही.

पाव मैल बाहेर गेलो आणि कळलं की ओहोटी आम्हाला समुद्रात ओढते आहे, आणि तोंड वळवलं की लाट आडवी घेते आहे. प्रत्येक लाटेबरोबर घागरभर पाणी आत येत होतं. मांड्या पाण्यात बुडाल्या. वल्हं थांबवलं की होडी कलंडू लागे. त्या होडीचं असं आहे की वल्हं हेच तिचं पाऊल. ते पाण्यातून काढलं की ती उभी राहत नाही.

वकील मान न वळवता ओरडले, "गणपतराव, आता खूण करा!"

मी किनाऱ्याकडे पाहिलं. केवड्याच्या बनापाशी हवालदार उभा होता. दुर्बीण डोळ्याला. इतक्या लांबूनही तो मला ओळखू आला. मला वाटलं, हा आता वहीत लिहील, संकट आलं एकदाचं. मला वाटलं, याच्यापुढे हात पसरायचे?

"अजून नाही," मी म्हणालो. "निघून जाऊ आपण."

वकिलांनी आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो. होडी मी सांभाळून होतो, खूण करण्याइतकं बळ तेव्हा अंगात होतं, ऊन होतं, आम्ही किनाऱ्याला जवळ होतो. असा अर्धा तास गेला. कदाचित थोडा कमी असेल. लाज वाटत असताना वेळ मोजता येत नाही.

मग एक लाट मागून आली आणि होडीच्या पाठीवरून सरळ माझ्या मानेवर बसली. तेव्हा माझा मान-अपमान संपला.

वकिलांनी एकट्याने होडी तोलून धरली आणि मी माझ्या खुणांकडे वळलो. आरसा काढला. सूर्य पाठीमागे उतरलेला, किनारा पुढे. दुसऱ्या आरशाशिवाय उजेड वळेना. कशीबशी दोन-चार वेळा मिणमिण चमक किनाऱ्यावर गेली असेल. हवालदार झटकन खाली बसला आणि केवड्याच्या आड दिसेनासा झाला. मला वाटलं, माणसं बोलवायला गेला. तो लपून बसला होता. आम्ही मालाची खूण करतो आहोत आणि माल घ्यायला कोणी किनाऱ्यावर येणार, त्याला रंगेहाथ पकडायचं, असा त्याचा हिशेब होता. हे मला मागाहून कळलं.

शिट्टी फुंकली. लाटांच्या आवाजात मला स्वतःलाच ती ऐकू आली नाही. बाणांचा डबा फोडला. काड्यांची पेटी कोरडी होती ती फक्त दोन काड्या ओढेपर्यंत. एक बाण पेटला, आणि होडी नेमकी कलली तेव्हा सुटला. पाण्याला समांतर, सुरसुरत, पोर्तुगीजांच्या दिशेने निघून गेला. हवालदाराने म्हणे याची वेगळी नोंद केली. भगवं कापड उलगडलं, ते वाऱ्याने हातातून हिसकावून नेलं. राहिले झेंडे. झेंड्यांनी मी सुंदर अक्षरात मदतीचा निरोप देऊ शकलो असतो, आणि त्या किनाऱ्यावर ती अक्षरं वाचणारा एकही माणूस नव्हता.

"वल्हं!" वकील ओरडले. "तांडेलाचं वल्हं!"

"वल्हं वर केलं तर उलटू."

"तसेही उलटणारच आहोत. तुम्ही तोला, मी धरतो."

मी मागून वल्ह्याने तोल धरला. त्यांनी सदरा काढला, दातांनी ओढून वल्ह्याच्या टोकाला गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ते डोक्यावर उभं केलं. कोर्टात कागद हलवण्यापलीकडे ज्या माणसाने आयुष्यात काही उचललं नव्हतं, त्याने ते तसं किती तरी लाटा धरून ठेवलं. मग एक लाट बाजूने आली, वल्ह्याच्या पात्यावर आदळली, आणि त्यांचा डावा खांदा सुटल्याचा आवाज मी ऐकला. त्या सगळ्या गोंगाटात ऐकला. ते ओरडले नाहीत. होडी उलटली.

मी वर आलो तेव्हा होडीची पालथी पाठ हाताला लागली. वकील दोन हात अंतरावर एका हाताने पाणी मारत होते, छातीला बांधलेल्या मोटारीच्या ट्यूबमुळे तरंगत होते. त्यांचं वल्हं होडीच्या दोरीत अडकलं होतं, सदरा अजून गाठीला. मी वकिलांना ओढून होडीला टेकवलं, एक पाय दोरीत अडकवला आणि वल्हं उभं केलं. लाटेसरशी ते पडे. मी पुन्हा उभं करी. वकील माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"पडू देऊ नका," ते म्हणाले.

तांडेल त्या वेळी गावाच्या टोकाला जाळं दुरुस्त करत होते. उभं वल्हं त्यांना दिसलं. ते धावत किनाऱ्यावर आले तेव्हा केवड्याच्या बनात हवालदार पोटावर पालथा पडलेला. तो त्यांना हळूच म्हणाला, "थांबा, साथीदार येऊ द्या." तांडेल त्याला काय म्हणाले ते मी इथे लिहू शकत नाही, आणि मालवणीतली त्या दर्जाची शिवी आमच्याकडच्या भाषेत नाहीही. त्यांनी तिघा भावबंदांना हाक मारली आणि होडी लोटली. हवालदार उठला, क्षणभर उभा राहिला, मग पट्टा काढून वाळूवर टाकला आणि होडीत चढून पाचव्या वल्ह्यावर बसला. घाटावरच्या माणसाला वल्हवता येत नव्हतं. तरी बसला. मला काखेत हात घालून पाण्याबाहेर ओढलं ते त्यानेच.

"मी बघत होतो मगापास्नं," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं… तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

त्याचा मला आता तिटकारा वाटेना, हे मला सर्वांत जड गेलं.

परत

वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी खांदा बसवला, पण तो उशिरा बसला. होडी खडकांवर फुटली, तिच्या बरगड्या तांडेलांच्या चुलीत गेल्या. हवालदाराने वहीतली ती पानं आमच्यासमोर फाडली. तेवढं सौजन्य मी त्याच्याकडून अपेक्षिलं नव्हतं. निघताना तांडेल मला फक्त इतकंच म्हणाले, "वल्हां उशिरा उबां केलात." मी मान डोलावली.

लश्करात आल्यावर वकिलांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोरखीतल्या त्यांच्या बैठकीत रोज चार माणसं जमत. वकील उत्तम सांगतात. लाटा, हवालदार, बाणाची धाव, सगळं येतं. शेवटी मी त्यांना होडीला टेकवून वल्हं उभं धरलं, तिथे ते आवाज खाली आणतात आणि माझ्याकडे हात करतात. उजवा. डावा कानाच्या वर जात नाही. लोक माझ्याकडे आदराने बघतात. कचेरीतला एकजण म्हणाला, "इंगळे, तुम्ही तो असली फौजी निकले."

वकिलांच्या गोष्टीत अर्धा तास नाही. लाटा लागतात आणि लगेच मी आरसा काढतो. पहिल्यांदा मला वाटलं, विसरले असतील. मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "मधला भाग का गाळता?"

"वकील आहे मी," ते म्हणाले. "आपल्या माणसाविरुद्ध साक्ष देत नसतो."

अशा रीतीने मी दीड महिना शूर होतो. भोपाळचा हुकूमही त्याच सुमारास आला. निघण्याआधी निरोप घ्यायला गेलो, बैठक भरलेली होती, गोष्ट पुन्हा सुरू झाली होती. सुधावहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. वकील आरशापाशी आले तेव्हा मी म्हणालो, "थांबा. त्याच्या आधीचा अर्धा तास राहिला." आणि तो सांगितला. हवालदाराला बघून माझा हात कसा वर गेला नाही, वकिलांनी तीनदा कसं सांगितलं, खांदा तेव्हा शाबूत होता, सगळं.

वकील खिडकीबाहेर बघत राहिले.

"अर्धा तास?" वहिनींनी विचारलं. रोज सकाळी वकिलांचा डावा हात धरून सदऱ्याच्या बाहीत त्याच घालतात.

"हो, वहिनी."

"आणि हे तुम्ही आज सांगून राहिलात?"

मी खाली बघितलं. इतक्या वर्षांत त्या घरातून जेवणाच्या वेळेला मी कधी न जेवता निघालो नव्हतो, त्या उठूच देत नसत. त्या दिवशी मी उठलो, जोडे घातले, अंगणात जरा रेंगाळलो. वहिनींनी थांबा म्हटलं नाही. बरोबरच केलं. मी घरी येऊन भोपाळचं सामान बांधलं.